नरसाळं उतरवायचं राहिलं

या, बसा मित्रांनो. एक गोष्ट सांगते. पण जरा जवळ सरका, तोंडाचा टवका उडाल्यापासून आवाज फाटलाय माझा.

मी एक जुनी ब्युरेट आहे. म्हणजे काचेची लांब नळी, अंगभर रेघा, खाली तोटी. कानाचं औषध बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म गेला. औषधात आम्ल असायचं. ते किती कडक झालंय, हे मी सांगायची. माझ्यात कॉस्टिकचं, म्हणजे आम्ल मारणाऱ्या सोड्याचं, पाणी भरायचं. खाली चंबूत थोडं औषध घ्यायचं, त्यात रंग दाखवणारा थेंब टाकायचा आणि माझी तोटी हळूहळू सोडायची. चंबूत गुलाबी झाक आली की थांबायचं. माझं पाणी जितक्या रेघा उतरलं, तितकं औषध कडक. सगळे म्हणायचे, ही बाई खोटं बोलत नाही.

मला सांभाळायची तपासणीवाली ताई. औषध कालवायचे तिचे सख्खे मामा. त्यांनीच तिला इथे चिकटवलेलं. मामांना एक खोड होती. नवं औषध झालं की पहिला थेंब स्वतःच्या कानात!

"मामा, कशाला हो?" ताई वैतागायची.

"अगं, माझ्या कानाला चाललं तर जगाला चालेल. आणि तुझी नळी पास करते ना, मग मला कसली भीती!"

एक दिवस माल न्यायला दारात गाडी उभी. ड्रायव्हर नुसता हॉर्न बडवतोय. ताईने मला घाईत भरलं आणि माझ्या तोंडावरचं नरसाळं उतरवायचं राहिलं. ते बसलेलं गच्च. हवा कोंडली, थोडं पाणी वर नरसाळ्यातच अडकलं. ताईने तोटी सोडली, मी खालून रिकामी व्हायला लागले, तर वरून गुडूक! पुन्हा गुडूक! खालून जातंय तसं वरून येतंय, मग रेघा उतरणार कशा? मला ओरडता येत नाही हो.

एरवी ती पुन्हा पुन्हा मोजायची, आकडा जुळेपर्यंत. त्या दिवशी एकदाच.

"मामा, फारच सौम्य झालंय. अजून आम्ल घाला."

"घातलं बघ!" मामांनी ढवळलं आणि सवयीने पहिला थेंब कानात सोडला.

ती किंकाळी अजून माझ्या काचेत आहे.

गाडी रिकामी गेली. ताई माझ्यापाशी आली, तेव्हा तिला माझ्या डोक्यावरचं नरसाळं दिसलं. तिने ते उतरवलं. आम्ल वाढवायच्या आधी चंबूसाठी काढलेलं औषध उरलं होतं, ते पुन्हा मोजलं. अगदी बरोबर निघालं. पण बाहेर जाऊन ती हे कुणाला बोलली नाही.

मालक म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात जड पडला." मामांना ते पटलं. त्यांनी आपणहून कालवणं सोडलं आणि खोकी चिकटवायला बसले. उजवा कान कायमचा गेला.

तेव्हापासून रोज दुपारी मामा चहा घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे. ताई मुद्दाम त्यांच्या उजवीकडे बसायची. हळूच म्हणायची, "मामा, चूक माझी होती."

"काय गं?" मामा डावा कान वळवायचे.

"काही नाही. साखर बरोबर आहे ना?"

"साखर बरोबर आहे. माप चुकतं ते माझंच," म्हणून मामा हसायचे. ताई कपात बघत राहायची.

आता मी कपाटात पडून आहे. अंगात थेंब नाही. नरसाळं बाहेर खिळ्याला टांगलंय. तरी मला ऐकू येतं, गुडूक. बाहेर स्टँडवर नवी नळी आहे. दुपार झाली की तेच कुजबुजणं, तेच साखरेचं विचारणं. फक्त हल्ली मामांना डावीकडूनही दोनदा सांगावं लागतं.

मित्रांनो, हात नाहीत मला जोडायला. नळी भरलीत की नरसाळं उतरवा, आणि घाई असली तरी पुन्हा मोजा. आणि तेवढं ताईला सांगा हो, आज मामांच्या डाव्या बाजूला बस म्हणावं.