एकाला बाहेर बसवायचं

"पडद्याचा रंग बदलला, तर पेशंट कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

समोरच्या चौघांनी कॉम्प्युटरवर डोकी वाकवली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता त्यांचा, दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्रॅम. नुसता हिरव्याचा निळा केला, तर रांगेतला पहिला पेशंट गायब!

मी मागच्या टेबलावर बिघडलेला की-बोर्ड उघडून बसले होते. मी या लॅबची सहायक, आणि तोंडाची फटकळ.

"निळा सोसला नसेल त्याला," मी म्हटलं.

"मी बघतो, मॅडम. पाच मिनिटं द्या," उस्ताद म्हणाला. उस्ताद म्हणजे त्यांच्यातला हुशार. सगळा प्रोग्रॅम त्यानं एकट्यानं, एकाच फाइलीत, गोधडीसारखा लांबलचक लिहून काढला होता. बाकीचे तिघे, म्हणजे चष्मेवाली आणि कायम जोडीनं फिरणारे म्हणून जुळे म्हटले जाणारे दोघे, त्याला चहा आणून देत. एवढाच त्यांचा हातभार.

"तू बघतोस, हेच तर दुखणं आहे," बाई म्हणाल्या. "घरभर एकच बटण लावून ठेवलंयस. पंखा लावला की दिवा जातो."

बाईंची एक रीत होती, आणि पोरं तिला टरकून असत. परीक्षेच्या दिवशी गटातल्या एकाला त्या बाहेरच्या बाकावर बसवत. परीक्षक सांगतील तो बदल उरलेल्यांनी करून दाखवायचा. नाही जमला तर अख्खा गट नापास, वर्ष पाण्यात.

"मला बाहेर बसवलं तर संपलंच की," उस्ताद म्हणाला.

"मग तुलाच बसवणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर लावूच दिले नाहीत. चौघांना खोलीच्या चार कोपऱ्यांत बसवलं. उस्तादनं नावं नोंदवायची, चष्मेवालीनं रांग लावायची, एका जुळ्यानं पडद्यावर नंबर दाखवायचा, दुसऱ्यानं सगळं जपून ठेवायचं. मला पेशंट केलं. माझ्या खोकल्याची सगळ्यांनी तारीफ केली.

"रांगेला एवढंच विचारायचं, पुढचा कोण," बाई म्हणाल्या. "ती कसं ठरवते ते तिचं ती बघेल. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणं उघडायची नाहीत."

उस्ताद सारखा उठून चष्मेवालीच्या कागदात डोकवायला जायचा. बाई नुसत्या त्याच्याकडे बघायच्या, की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून परत जागेवर. पण मग त्यानंच आपली ती गोधडी उसवली आणि एकेक तुकडा ज्याचा त्याला समजावून दिला. शेवटी शेवटी चष्मेवाली त्याच्याशी वाद घालायला लागली, तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

बाईंची ही शेवटची परीक्षा. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या, आणि मला लॅबचा घोर लागला होता. गेली दोन वर्षं त्या एकेक काम एकेकाच्या गळ्यात मारत होत्या. यंत्रांची दुरुस्ती माझ्या, वेळापत्रक नव्या सरांच्या, हजेरी शिपाईमामांच्या. शिपाईमामा तर उघड म्हणायचे, "बाई आता अंग काढून घेतायत."

परीक्षेला उस्ताद बाहेर बाकावर. आत परीक्षकांनी विचारलं, "मध्येच तातडीचा पेशंट आला तर?"

चष्मेवालीचे कान लाल झाले. पडदेवाला जुळा घाईनं की-बोर्डकडे झेपावला, तशी ती म्हणाली, "तू हात लावू नकोस. तुझ्यात काही बदलत नाही." तिनं फक्त आपला भाग उघडला, थोडं खोडलं, थोडं लिहिलं. प्रोग्रॅम चालू केला. तातडीचा पेशंट सगळ्यांच्या पुढे आला, बाकीचे आपापल्या जागी. पडदा निळाच.

बाई बाहेर गेल्या. मीही मागोमाग गेले, राहवलं नाही.

"अडलं का, मॅडम?" उस्तादनं विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. म्हणून सगळ्यात जास्त मार्क तुला."

तो हसला, पण डोळे भरले होते. बाई त्याच्याशेजारी बाकावर बसल्या.

निवृत्तीनंतर आठवड्याभरानं बाई सहज आल्या. लॅब भरलेली होती. नवे सर शिकवत होते, मी एका यंत्रात डोकं खुपसून बसले होते, शिपाईमामा हजेरी घेत होते. दारात कोण उभं आहे, हे बघायला कुणाला सवडच नव्हती. माझं लक्ष गेलं तशी मी हात पुसत बाहेर आले.

"काही अडलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण बाईंशी खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाही, बाई."

"एकदाही नाही?"

मी मान हलवली. मला रडूच यायला लागलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जा, तुझं काम खोळंबलं असेल," त्या म्हणाल्या, आणि बाकावर बसून पदरानं चष्मा पुसायला लागल्या.