सगळ्यात मोठा पाइप

आमच्या चर्चचा जुना ऑर्गन प्रार्थनेच्या मधेच धापा टाकायला लागला, तेव्हा फादरांनी युक्ती काढली. आतलं सगळं नवं बसवायचं आणि खर्चासाठी सूर काढणारा एकेक पाइप लोकांना द्यायचा. घरी न्यायला नाही हो! पैसे भरायचे, की त्या पाइपवर आपल्या माणसाचं नाव कोरणार. बोटाएवढ्याला इतके, हाताएवढ्याला इतके, असे दर फळ्यावर लिहिले. मी चौथीतून शाळा सोडली, पण दर वाचायला मला कुणी लागत नाही.

मला आमच्या ह्यांचं नाव लावायचं होतं. ह्यांनी एकतीस वर्षं त्या ऑर्गनचा भाता हाकला. लोहाराचा असतो तसाच भाता, पण खाटेएवढा. ऑर्गनच्या मागच्या अंधाऱ्या फटीत उभं राहून लाकडी दांडा वर-खाली करायचा, तेव्हा कुठे पाइपांना हवा मिळते. पुढे बसून वाजवणाऱ्या मास्तरचं कौतुक व्हायचं आणि हे मागे घाम पुसत बसायचे. लग्न लागलं की नवरी मास्तरचे आभार मानायची. ह्यांचं तोंड कुणाला माहीत? हे गेले, तर त्यांच्या जागी दोन तरणे गडी लावले, तरी गाण्याच्या मधेच हवा कमी पडून सूर खाली यायचा. म्हणून मी ठरवलं, आता तरी हा माणूस पुढे दिसला पाहिजे.

मी शिवणकाम करते. गळ्यात टेप होतीच. झाडूवाल्याची शिडी मागून घेतली आणि पुढच्या रांगेतले सगळे पाइप मापले. मधला भरला पंधरा फूट दोन इंच.

“फादर, हा आमचा.”

“बाई, तो सगळ्यात महाग आहे.”

“मी भाव विचारला का?”

पैसे होते. माझ्या स्वतःच्या कबरीच्या दगडासाठी आठ वर्षं ब्लाउज शिवून साठवले होते. थोरला म्हणाला, “आई, मग तुझ्या कबरीवर काय लावायचं?”

“तुझं डोकं लाव. दगडच आहे.”

धाकट्या जावेनं माझ्या दिराच्या नावानं पेन्सिलीएवढा पाइप घेतला, फळ्यावरचा सगळ्यात स्वस्त. मी म्हटलं, “अगं, त्यावर भाऊजींचं नाव मावेल का? आडनाव घरी ठेवावं लागेल.” ती नुसती हसली. ती हसते तेव्हा मला तिचा राग जास्त येतो.

पुढच्या रविवारी ऑर्गन बांधणारा कारागीर आला. प्रार्थना संपल्यावर त्यानं टेबलावर मोठा नकाशा पसरला, सगळे भोवती जमले. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, “आमचा मधला पंधरा फुटी कसा वाजेल हो?”

त्यानं चष्मा वर केला. “मधला? तो वाजत नाही, आजी. पुढची अख्खी रांग शोभेची आहे, आतून बंद. पहिल्यापासूनच. म्हणून तर ती तशीच ठेवतोय.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावले असते.

जाऊ हळूच म्हणाली, “आणि आमचा?”

“तुमचा बारीक आहे ना, सगळ्यात वरचा सूर. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल.”

“बरं झालं बाई. आणि थोरले भाऊजी तरी कुठे बोलायचे? स्वभावाला धरूनच आहे.”

मला राग तिचा नाही, ह्यांचा आला. लग्नापासून दर रविवारी घरी जाताना मी म्हणायचे, “आज तो मधला मोठा काय घुमला हो!” आणि हे म्हणायचे, “हं.” एकतीस वर्षं हं! आत उभ्या माणसाला माहीत नसेल होय?

मी कारागिराला दंडाला धरून ऑर्गनच्या मागे नेलं. “मला सांग, तिचा तो पेन्सिलीचा तुकडा कशावर वाजणार?”

“हवेवर.”

“ती कुठून येणार?”

“आता मोटर लावू. हवा या मोठ्या लाकडी पेटीत साठेल, इथूनच प्रत्येक पाइपला जाईल.”

“पेटी कुणी घेतलीय?”

“पेटी कोण घेणार, आजी? ती दिसत पण नाही, वाजत पण नाही.”

भात्याचा दांडा तिथंच टेकवून ठेवला होता. मधोमध लाकूड झिजून खड्डा पडला होता, ह्यांच्या तळव्याएवढा. मी हात ठेवून पाहिला. माझ्या हाताला मोठा झाला.

“हा तुकडा कापून पेटीवर ठोक,” मी म्हटलं. “त्यावर नाव कोर. पूर्ण, आडनावासकट.”

पंधरा फुटी मी कापड दुकानवाल्याच्या गळ्यात मारला, दुप्पट भावानं. खोटं बोलले नाही. सरळ सांगितलं, वाजत नाही. तो म्हणाला, “दिसतो ना पण?” त्याचे पैसे सरळ फादरांकडे गेले आणि फंड त्याच दिवशी पुरा झाला. मी म्हटलं, तर मग मी भरलेले पैसे परत काढा, मला दगड घ्यायचाय.

नवा ऑर्गन पहिल्यांदा वाजला तेव्हा जाऊ माझ्या शेजारीच बसली होती. वरचा बारीक सूर निघाला, तशी तिनं मला कोपरानं ढोसलं. “ऐकलं का जाऊबाई? आमचे बोलले.”

“ऐकलं,” मी म्हटलं. “थोरल्या भावानं हवा दिली म्हणून बोलले.”

तिनं तोंड फिरवलं. मी डोळे मिटले आणि ह्यांना मनातल्या मनात विचारलं, आता तरी खूश ना?

हं, म्हणाले असतील.