माश्यांच्या ताटातलं

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल आणि ठपका माझ्या माथी येईल. आज गोष्ट आहे एका लाकडी पेटीची, तिच्यात राहणाऱ्या वीस हजार लेकीबाळींची आणि एका बाईच्या रागाची. राग वाईट, असं सगळेच सांगतात. खरं आहे. पण दुसऱ्याच्या तोंडचा घास कुणी ओढून नेताना ज्याला रागही येत नाही, त्याच्या शांतीचं देवाने तरी काय करावं? तेव्हा ऐका.

त्या बाईला घरात सगळे धाकटी म्हणत. दोन भावांतल्या धाकट्याची बायको, म्हणून धाकटी. नवरा लांबच्या गावी पुलाच्या कामावर, महिन्यातून दोन दिवस घरी. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायची. शेकडो पोरांच्या माना ताठ दिसाव्यात म्हणून हिची मान संध्याकाळपर्यंत मोडून यायची. आणि घरामागच्या एवढ्याशा अंगणात ती पेटी.

पेटी मुळात तिची नव्हे. शेजारच्या घड्याळजींची. ते घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं, आणि उरलेल्या वेळात मधमाश्या पाळायचे. हात थरथरू लागले तसं त्यांनी धाकटीला बोलावलं. म्हणाले, "सुईत दोरा ओवताना तू श्वास रोखून धरतेस. मी खिडकीतून पाहिलंय. माशीला असलाच माणूस लागतो. घेऊन जा." पेटीबरोबर एक जाळीची टोपी दिली आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही दिली. दोन महिने शेजारी खुर्ची टाकून शिकवलं. मग खुर्चीवरून उठणं होईना, तेव्हा तिचा हात धरून म्हणाले, "उन्हाळ्यात माशी कुणीही पाळतो गं. हिवाळा पार करून दाखवलास, तर पाळली म्हणायची."

"दाखवीन," धाकटी म्हणाली.

झाडांची पानं गळायच्या आधीच घड्याळजी गेले. शब्द तेवढा मागे राहिला.

आता पेटीचं सांगतो. तिला दोन मजले. खाली संसार, वर कोठार. थंडी पडली की माश्या एकमेकींना बिलगून गोळा होऊन बसतात, राणीला मध्ये घेतात आणि फुलं येईपर्यंत वरचा मध खाऊन दिवस काढतात. वहीत घड्याळजींनी लिहून ठेवलं होतं: "थंडीआधी वरच्या मजल्याला हात लावू नये. पेटी पाठीमागून एका हाताने उचलून बघावी. उचलली गेली तर उपाशी. हलली नाही तर निवांत झोपावं."

चार दिवस माहेरी जाऊन धाकटी परत आली, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यांदा हवेला बोचरी धार आली. तिने तयारी आधीच केली होती. नवऱ्याच्या जुन्या कोटाचं अस्तर उसवून पेटीला झबलं शिवलं होतं. दाराची फट लाकडी पट्टी ठोकून बोटभर केली, म्हणजे उंदीर शिरायला नको. राहिलं एवढंच, पाठीमागून उचलून बघायचं. तिने पाय रोवले, कंबर कसली, आणि हात लावताच पेटी रिकाम्या ट्रंकेसारखी वर आली. बाई मागे पडता पडता वाचली.

झाकण काढलं. वरच्या मजल्यातल्या पोळ्यांच्या आठही चौकटी मधोमध भगभगीत मोकळ्या. कडेला मेणाच्या चार चिंध्या लोंबत होत्या, आणि त्यांच्यावर नागमोडी कापल्याच्या खुणा. तसली सुरी त्या घरात एकच होती, पाव कापायची. धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

थोरले चहा पीत बसले होते. थोरले म्हणजे तिचे मोठे दीर, बसच्या आगारात पास देणारे कारकून. माणूस वाईट नाही, पण देण्याची भारी हौस, आणि ती बहुतेक दुसऱ्याच्या वस्तूंवर भागवायची.

"भाऊजी, पेटी कुणी उघडली?"

"मी!" बक्षीस घ्यायला उठावं तसे थोरले उठले. "तू माहेरी होतीस ना. रेनकोट घातला, तोंडाला हिची ओढणी बांधली आणि घुसलो. तीनच चावल्या!"

"मध कुठाय?"

"वाटला. नऊ बाटल्या. घरचा मध म्हटल्यावर लोक काय खूश होतात म्हणून सांगू!"

"घरचा? कुणाच्या घरचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्यांच्या घरात सुरी घेऊन शिरलात, साठवण कापून आणलीत आणि आपली म्हणून वाटलीत. याला शेजारधर्म म्हणतात की दरोडा?"

"अगं, आता करतील परत! त्यांना दुसरा उद्योग काय?"

"कशाचा करतील? बाहेर एक फूल दाखवा मला. एक!"

थोरल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वाळक्या काटक्या होत्या. "मग साखर घाल दोन किलो," ते म्हणाले.

"तुमच्या पुढचं ताट ओढून घेतलं आणि हातावर लिमलेटची गोळी ठेवली, तर चालेल?"

"चालेल म्हणा की," जाऊबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "पोट तेवढं आत जाईल."

धाकटीने कापडी पिशवी उचलली. "कुणाकुणाला दिलात ते सांगा."

"दिलेली भेट परत मागणार? माझं नाक कापशील गावात!"

"मरायला वीस हजार बसल्यात तिथे. आणि तुम्ही मला एक नाक दाखवताय?"

थोरल्यांनी नऊ नावं सांगितली. सांगताना प्रत्येक नावागणिक आवाज बारीक होत गेला.

मग धाकटी निघाली. वाटेत तिचा राग पायांना पुरत होता, म्हणून दमणूक जाणवली नाही. पहिलं घर दातांच्या डॉक्टरांचं. त्यांनी दार अर्धवट उघडलं, सगळं ऐकलं आणि कपाटातून बाटली आणली. अर्धी. "लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगतो," ते खाली बघत म्हणाले, "म्हणून जरा लपून खात होतो." आगाराच्या साहेबांच्या बायकोने तर सांगितलं की तिने मध चेहऱ्याला लावला. धाकटी तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघत राहिली. म्हणाली, "राहू द्या. तो आता त्यांच्यासाठी परत मागत नाही." एका घरी तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या घरी एक म्हातारबाबा म्हणाले, "माझ्याच बाटलीचं झाकण उघडेना. तुझ्या माश्यांचं नशीब!" अंधार पडायच्या आत पिशवीत पाच भरलेल्या आणि दोन अर्ध्या बाटल्या होत्या. रस्त्याने येताना ती प्रत्येक खिडकीकडे असं बघत होती, की जणू सगळं गावच चमचे घेऊन बसलंय.

आणि इथेच, मंडळी, माणूस घसरतो. आपण खऱ्या बाजूला आहोत याची खात्री झाली, की तो पुढचं पान वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ऊन पडलं, माश्या दारात आल्या. धाकटीच्या मनात आलं, उपाशी लेकरांना दारातच वाढावं. तिने परातीत दोन बाटल्या मध ओतला, वर काटक्या टाकल्या, म्हणजे कुणी बुडायला नको, आणि परात पेटीला लागून ठेवली. वर समाधानाने म्हणाली, "खा गं बायांनो. कुणी हात लावणार नाही आता."

पाव तासात हवा घोंगावू लागली. कुठल्या कुठल्या परक्या माश्या आल्या, पिवळ्या गांधीलमाश्या आल्या. परात चाटून झाली आणि ती सगळी टोळी पेटीच्या दारावर तुटून पडली. दारात जोड्याजोड्यांनी माश्या गुंतून खाली पडू लागल्या. धाकटीने धावत जाऊन वही आणली, पेटी उचलून बघायच्या पानापुढचं पान उलटलं. घड्याळजींचं बारीक अक्षर: "उघड्यावर कधीही वाढू नये. वास दूरवर जातो. चोर येतात, आणि ताट संपलं की घरात शिरतात."

काल नऊ दारं वाजवून तिने दरोड्याच्या गोष्टी केल्या होत्या. आणि आज दरोडेखोरांना आवतण तिनेच दिलं होतं! थोरल्यांनी निदान माहीत नसताना केलं. हिच्याकडे तर वही होती.

"भाऊजी!" ती ओरडली. "पलंगपोस आणा! भिजवून आणा!"

थोरले बनियनवर धावत आले. त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. नळाखाली पलंगपोस चिंब केला, दोघांनी दोन टोकं धरून पेटीवर टाकला, म्हणजे चोरांना दार सापडायला नको. वारा सुटला होता, कापड उडत होतं. थोरल्यांनी आपलं टोक पकडून जमिनीशी दाबलं आणि तिथेच उकिडवे बसले. धाकटीने परात उचलून घरात नेली, घासली, मग फटीत आणखी पट्टी ठोकून वाट एका माशीपुरती केली.

"चावली का?"

"कानाला. आणि मानेला. राहू दे," थोरले म्हणाले. "तेव्हा तीनच चावल्या होत्या. कमीच होत्या."

ऊन उतरेपर्यंत ते टोक त्यांनी सोडलं नाही. परके गेले, तेव्हा कापड काढलं. दाराशी ओंजळभर माश्या मरून पडल्या होत्या. धाकटीने त्या एका रुमालात गोळा केल्या. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, पण समोर कुणी उरलं नव्हतं.

थोरले घरात गेले आणि दोन बाटल्या घेऊन आले. काठोकाठ भरलेल्या.

"नऊ नव्हत्या," ते म्हणाले. "अकरा होत्या."

"आणि काल सकाळी मला नऊ नावं गाऊन दाखवत होतात!"

"नावं नऊच होती. या दोन शर्टांच्या मागे होत्या."

"शर्टांच्या मागे?" जाऊबाई दारात आल्या. "आणि मी तीन दिवस मुंग्यांना दोष देतेय!"

त्या संध्याकाळी धाकटीने बाटलीच्या झाकणाला दाभणाने बारीक भोकं पाडली, आणि बाटली रिकाम्या वरच्या मजल्यात उलटी ठेवली, की थेंब तेवढा सुटावा आणि वास बाहेर जाऊ नये. झाकण लावलं, ऊब निघून जाऊ नये म्हणून कडेने चिंध्या कोंबल्या. कारखान्यातून आली की रोज एक बाटली. पण मध पुरेना. तेव्हा तिने साखर विकत आणली, घट्ट पाक केला, आणि पेटीपाशी जाऊन हळूच म्हणाली, "शेवटी लिमलेटची गोळीच आली बायांनो तुमच्या हातात. मला माफ करा." थोरल्यांनी ते ऐकलं. एरवी त्यांनी टोमणा मारला असता. त्या दिवशी त्यांनी पाकाचं पातेलं उचलून ठेवलं, एवढंच.

बारा दिवसांनी धाकटीने त्यांना पेटीमागे उभं केलं.

"एका हाताने उचला."

"मी?"

"तुम्हीच. रिकामी तुम्ही केली होतीत."

थोरल्यांनी बाही सरसावली. पाय रोवले. तोंड लाल झालं, मानेची शीर फुगली, दुखरा कान आणखी लाल झाला.

"हलत नाही गं," ते धापा टाकत म्हणाले. आणि त्या घरात एवढ्या आनंदाने कुणी हरलं नव्हतं.

मग पेटीला कोटाच्या अस्तराचं झबलं चढलं. दमट हवा निघून जायला वर थोडी जागा ठेवून, दोरीने बांधून, वर दगड. मग खरी थंडी आली. नळ गोठले, काचांवर बर्फाची नक्षी उमटली, आणि धाकटी रोज सकाळी कामाला जाताना पेटीकडे न बघता जायची. बघायची भीती वाटायची.

मधल्या एका रविवारी मात्र राहवेना. तिने पदर आणि झबल्याची कड बाजूला करून पेटीच्या लाकडाला कान लावला. आधी काहीच नाही. तिने श्वास धरला, सुईत दोरा ओवताना धरायची तसाच. आणि आतून आलं: बारीक, सलग, एका सुरातलं गुणगुणणं, लांबच्या देवळात कुणीतरी डोळे मिटून धरलेल्या सुरासारखं.

मागे पायरी वाजली. थोरले उभे होते, कानाला मफलर गुंडाळून.

"आहेत?"

"आहेत. या, ऐका."

त्यांनी मफलर सोडला आणि जो कान सुजला होता तोच लाकडाला लावला.

गोष्ट एवढीच. आता उठताना एक करा. कुठे एखादी लाकडी पेटी थंडीत एकटी उभी दिसली, तर तिला हात लावू नका. नुसता कान लावा. आणि आतून सूर आला, तर त्या घड्याळजींची आठवण काढा, ज्यांनी जाता जाता सगळं लिहून ठेवलं होतं, पुढच्या पानावरसुद्धा.