वरच्या मजल्यावरची बाई

गाडी वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवरल्या पुलावर आली तेव्हा रोझालिनच्या बहिणीनं, ट्विलानं विचारलं, "आज तरी त्या गावाचं नाव निघणार का तुझ्या तोंडून?"

"निघेल. पण तुझ्यासमोर नाही," रोझालिन म्हणाली.

"म्हणजे चार वर्षं तुझं जेवणखाण मी बघायचं, आणि गुपित ऐकायला कोण, तर खासदार."

रोझालिनला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. हसलं की डोकं गरगरायचं.

रोझालिन हॅडिक्सनं एकोणीस वर्षं हेरखात्यात काढली होती. शेवटच्या नेमणुकीत ती परदेशात एका जुन्या इमारतीत राहत होती, हॅना या खोट्या नावानं, पुस्तकांच्या कंपनीची माणूस म्हणून. मार्चमधल्या एका सकाळी ती कॉफी करत असताना तिच्या उजव्या कानात काहीतरी दाबल्यासारखं झालं आणि बारीक, टोकदार आवाज सुरू झाला. ती दोन पावलं बाजूला सरली तर तो थांबला, पुन्हा शेगडीपाशी आली तर पुन्हा सुरू. मग फरशीच अंगावर आली. संध्याकाळी तिला विमानात घातलं, ते कायमचंच.

तेव्हापासून हातात काठी आली. बोलताना शब्द मध्येच गळून पडत. खात्याचे डॉक्टर आधी म्हणाले ताण आहे, मग म्हणाले कारण सापडत नाही. असंच आणखी सहा जणांना झालं होतं, वेगवेगळ्या देशांत. शेवटी संसदेच्या समितीनं विषय हातात घेतला आणि एकेकाला बोलावणं धाडलं.

सुनावणीची खोली तळघरात होती. फोन दाराबाहेर काढून घेतले, घड्याळंसुद्धा. आत लांब टेबलापलीकडे समिती बसली होती, आणि एका कडेला खात्यातर्फे आलेले करड्या सुटातले गृहस्थ.

समितीच्या अध्यक्षा लुएला प्रॅदर सत्तरीच्या होत्या, कोळसा खाणींच्या मुलखातून निवडून आलेल्या. त्या म्हणाल्या, "घाई करू नका, मिस हॅडिक्स. शब्द सुचला नाही तर आम्ही थांबू. माझे वडील खाणीत होते. कंपनीचे डॉक्टर त्यांना मरेपर्यंत सांगत होते की हा खोकला सिगारेटचा आहे. तेव्हा मला ऐकायची सवय आहे. कुठं होतात तुम्ही? इथं नाव घेतलेलं चालतं."

"येरेवान. आर्मेनियात," रोझालिन म्हणाली.

चार वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते नाव मोठ्यानं उच्चारलं होतं. पुढं बोलायला तिला जमेना. सभासदांना वाटलं आजारामुळं अडली असेल, आणि ते सबुरीनं खाली बघत राहिले.

मग तिनं सगळं सांगितलं. गृहस्थांनी त्यांची फाइल वाचून दाखवली: बाहेरून इजा झाल्याचं सिद्ध होत नाही. प्रॅदर बाईंनी विचारलं, ती जागा तपासायला माणूस कधी गेला? नऊ आठवड्यांनी. नऊ का? गृहस्थांनी पानं चाळली.

"ठीक," प्रॅदर बाई रोझालिनकडे वळल्या. "या समितीकडून तुम्हाला काय हवंय?"

उत्तर तिनं घरी ट्विलासमोर घोकून ठेवलं होतं. उपचार हवेत, आणि हे कामावर असताना झालं एवढी कबुली हवी. तेवढं ती बोलली. मग म्हणाली, "माझ्या वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. वार्दुश नाव. तेव्हा बहात्तर वर्षांची. तिचं स्वयंपाकघर बरोबर माझ्या वर. तिला काही झालं का, हे कुणी विचारलं का?"

गृहस्थ म्हणाले, "चौकशी फक्त आपल्या कर्मचाऱ्यांपुरती होती."

"म्हणजे नाही विचारलं."

"ते आमच्या कक्षेत येत नव्हतं, मॅडम."

"कान तर तिलाही होते ना?" प्रॅदर बाई चष्मा काढत म्हणाल्या. "त्या बाईबद्दल तुमच्याकडे जे काही असेल ते तीस दिवसांत लेखी द्या. काही नसेल तर तसं लिहून सही करा."

परतताना गाडीत रोझालिनला वरच्या मजल्यावरचं ते स्वयंपाकघर आठवत राहिलं. त्या वार्दुशनं तिला भाषा शिकवली होती, द्राक्षाच्या पानांत खिमा भरताना, पानागणिक एक शब्द. रोज सकाळी जिन्यावरून हाक यायची, "हॅना जान, उठलीस का?" रोझालिनची आई ती लहान असतानाच गेली होती, त्या हाकेसाठी ती कधीकधी जागी असूनही पडून राहायची. आता ती भाषा बहुतेक पुसली गेली होती. पत्र पाठवायला बंदी होती, कारण हॅना नावाची कुणी बाईच जगात नव्हती.

तीस दिवसांचे सत्तर झाले. मग समितीच्या कचेरीतून नदीन नावाच्या मुलीचा फोन आला. "फाइलमध्ये एक पत्र निघालंय. वकिलातीच्या फाटकावर दिलेलं, चार वर्षांपूर्वी. तुमच्या नावावर, म्हणजे त्या दुसऱ्या नावावर. इथं येऊन वाचता येईल. नेता येणार नाही."

वहीचा कागद होता तो, दोन्ही बाजूंनी भरलेला. सोबत इंग्रजी भाषांतर टाचलं होतं. रोझालिननं ते पालथं घालून ठेवलं आणि कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावायला घेतलं. पहिल्या ओळीलाच पंधरा मिनिटं गेली. नदीननं दोनदा पाणी आणून ठेवलं.

वार्दुशनं लिहिलं होतं: मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते. परत आले तर तुझी खोली रिकामी, दोरीवरचे चिमटेसुद्धा नेलेले. मी बरी आहे. इथं फाटकावर तीनदा आले, ते म्हणतात अशी कुणी बाई नाही. जर्दाळूचा मुरंबा केला आहे. माझं काही चुकलं असेल, लागलं असेल काही बोलणं, तर तोंडावर सांग. अशी न सांगता जाऊ नकोस.

खाली दोनच शब्द होते, येरेवानमध्ये वाण्यालाही म्हणतात तसे. त्सावद तानेम. तुझं दुखणं मला येवो. भाषांतरात डोकावून पाहिलं तर तिथं लिहिलं होतं, 'सप्रेम'.

"तिला वाटतंय मी रागावून गेले," रोझालिन म्हणाली. "चार वर्षं तिला तसंच वाटतंय."

नदीननं हे प्रॅदर बाईंच्या कानावर घातलं. बाईंनी खात्याला तीन पत्रं लिहिली. शेवटी वार्दुशला चिठ्ठी पाठवायची परवानगी मिळाली: एक ओळ, नाव नाही, गाव नाही, आणि उत्तर स्वीकारलं जाणार नाही.

रोझालिननं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मावशी, मी रागावून गेले नाही.' आर्मेनियन लिपीत 'र' दोन आहेत. मावशीसाठी तिथं जो शब्द आहे, त्यात तिनं चुकीचा 'र' घातला. खात्याच्या भाषांतरकारानं त्यावर लाल गोल करून कागद परत पाठवला.

"राहू द्या तसाच," तिनं नदीनला फोनवर सांगितलं. "हा 'र' मी कायम चुकायची. त्यावरून तिला कळेल कोण ते."

समितीचा अहवाल वसंतात आला. बऱ्याच पानांवरचा मजकूर काळ्या शाईनं झाकलेला होता. रोझालिनच्या वाट्याला एक परिच्छेद: कारण अनिश्चित, इजा कामावर असताना झालेली, उपचारांचा हक्क मान्य. ट्विलानं तो मोठ्यानं दोनदा वाचला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

जूनमध्ये एका दुपारी नदीनचा फोन आला. चिठ्ठी पोचली होती.

"काही म्हणाली का ती?"

"खात्याच्या टिपणात ते लिहिलेलं नाही. उत्तर घ्यायचं नव्हतं ना." फोनवर पान उलटल्याचा आवाज आला. "एवढंच आहे की चिठ्ठी नेणाऱ्या माणसाला तिनं आत बसवलं, कॉफी दिली. चाळीस मिनिटं तो तिथं होता."

"एका ओळीसाठी चाळीस?"

"हो."

रोझालिननं फोन ठेवला. ट्विला तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. एक खुर्ची ओढून ती शेजारी बसली.