माझ्या गळ्यावरचं नाव

मी पितळेचा गुंड बोलतोय. पाणी भरायचा. सध्या मुक्काम अकोला, नागसेनच्या बैठकीत, टीव्हीशेजारी. आपण कुठले, कोणाचे, हे शोधायची माणसांना भारी हौस. पण विचारायचं कसं, तेच त्यांना जमत नाही. मी हे समोर बसून पाहिलंय.

मला एका बापाने लेकीला आंदणात दिलं. तेव्हा भांडं दिलं की त्यावर नाव घालून द्यायची रीत होती. बाजारातल्या माणसाने छिन्नीने माझ्या गळ्यावर टोचे मारले. दुखलं, पण आपण कोणाचे तरी झालो म्हणून बरंही वाटलं. मग बैलगाडीतून तिच्या सासरी, तेल्हाऱ्याकडे आलो.

ती लेक फार जगली नाही. मागे रांगती पोर राहिली, पार्बता. बापाने दुसरं लग्न केलं, पहिलीच्या माहेराशी भांडण झालं, जाणं-येणं तुटलं. त्या घरात पहिलीचं नाव काढायचीही चोरी झाली.

पुढे पार्बताच्या लग्नात मी तिच्याबरोबर अकोल्याला आलो. ती ऐंशीला टेकली तरी एक दुखणं गेलं नाही. "साऱ्या पोरी मामाच्या गावाले जात होत्या. मले मामाच नव्हता," ती म्हणायची. "एकडाव मायचं गाव दाखवा रे, मंग मेली तरी चालते."

नागसेन तिचा मुलगा, सरकारी नोकरीतला. त्याने मोठ्या कागदावर वंशावळ काढली. बाप, आजा, पणजा, सगळे पुरुष. बायकांच्या जागी नुसतं 'पत्नी'. वा रे पठ्ठ्या! जशी काही ही सगळी मंडळी झाडाला लागली होती.

त्याची मुलगी पिंकी कॉलेजात आहे. तिने मनावर घेतलं आणि आजीपुढे मोबाइल धरून बसली.

"आजी, तुह्या आईचं नाव?"

"पंचफुला."

"लग्न कोणत्या साली झालं तिचं?"

"मले काय माईत वो?"

अहो, म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. पूर केव्हा आला होता, कोणाची वरात गेली, वावरात काय पेरलं होतं, असं विचारावं. मग माणूस आपसूक बोलतं.

एका दूरच्या नातलगाने 'वर्धेच्या काठची होती' एवढं सांगितलं. बापलेक काठाकाठाने हिंडले, कौंडण्यपुरातही जाऊन आले. "इथून पंचफुला नावाची मुलगी दिली होती का?" सगळीकडे उत्तर एकच, नाही. अरे, पंचफुला हे सासरी ठेवलेलं नाव! माहेरात ते कोण ओळखणार? पण माझं ऐकतो कोण? नागसेनने मला सोनेरी रंग फासून पोटात प्लॅस्टिकची फुलं खोचलेली.

एकदा घर झाडताना पिंकीने मला उचलून आजीच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीचा हात सवयीने माझ्या गळ्यावरून फिरला.

"माह्या मायचा गुंड हाय हा. अथी टोचे होते. घासताना हाताले लागत."

पिंकी थबकली. तिने थिनरने रंग काढला, वरून चिंच-मीठ चोळलं. जिने मला जन्मभर घासलं तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत होतं त्यांनी मला कधी घासलं नाही. पिंकीने मोठ्याने वाचलं, "कौतिका. बाप सोनबा. कौंडण्यपूर."

"कौतिका," पार्बताबाई म्हणाली. "कौतिका होय काय वो माय तू!" आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली.

या खेपेला कौंडण्यपुरात त्यांनी 'सोनबाची कौतिका' म्हणून विचारलं. ओट्यावरच्या पहिल्याच म्हाताऱ्याने घर दाखवलं. मी गाडीतून पार्बताबाईच्या मांडीवर बसून गेलो होतो. आत खाटेवर उकंडा होता, कौतिकाचा सगळ्यात धाकटा भाऊ. नव्वदीचा, काठीला धरून चालणारा. जयभीम झाला. पिंकीने ओळख सांगितली तसा तो खाटेवरून उतरला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तो वाकला, भुईला टेकला, आणि त्याने भाचीच्या पायावर डोकं ठेवलं.

"नोको वो मामा," तिने त्याला धरलं.

"इतके वर्ष काहून नाही आली बाई? मी वाट पायली ना."

"मायचं माहेरचं नावच माईत नोतं मामा."

पुढच्या उन्हाळ्यात उकंडामामा गेला. तिला मामा मिळाला तो एवढाच. वर्षभर आधी माझा गळा कोणी घासला असता, तर आणखी एक वर्ष मिळालं असतं. मी जड वस्तू, मला काय त्याचं? पण वाईट वाटतं खरं.

तुम्ही मला मोडीत घाला, चालेल. आधी गळा तेवढा वाचून घ्या. आणि तुमच्या आजीच्या आईचं माहेरचं नाव काय? नाही ना माहीत? आजी आहे ना घरात? मग माझं काय ऐकत बसलात? उठा, तिच्याजवळ जाऊन बसा.