पळसावरचं बी

शकुन पळसावर चढली तेव्हा शेजारच्या झाडावर कुऱ्हाडी पडू लागल्या होत्या.

शकुन ही बडनेऱ्याच्या सहदेव कातारीची बायको. तो खरादीवर लाकूड कातून पाळण्याचे खूर, म्हणजे पाय, उतरवायचा, ती त्यांवर लाल-पिवळी लाख चढवायची. ही लाख यायची किसनरावांच्या नाल्याकाठच्या पळसांवरून. पण कापसाला सोन्याचा भाव आला आणि किसनरावांना वीतभर जमीनही पडीक ठेववेना. पळसाचं लाकूड त्यांनी वीटभट्टीला देऊन टाकलं. आता तिथे कापूस होणार होता.

आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. "फांद्यांवरून लाखेचे किडे बाहेर निघून राहिले. दोन दिवसांत त्याइले नवी फांदी नाई भेटली तर सारे मरतीन. मंग लाखेचं बी कोठून आणशीन?"

"मरू दे," सहदेव म्हणाला होता. "सरकी काढायच्या चरख्यांचे दांडे करता करता मले दम नाई. रंगीत पाळणा कोन मांगून राहिलं आता?"

म्हणून ती एकटीच आली होती. कासोटा घट्ट खोचून, कमरेला कोयता लावून. किड्यांनी लाल झालेली एकेक फांदी, म्हणजेच लाखेचं बी, तोडून ती खाली टाकत होती.

"उतर खाली!" किसनराव घोड्यावरून ओरडले. "माणसं खोळंबली."

"सांजलोक थांबा, मालक. फांद्या तेवढ्या नेतो."

"उद्या गाड्या भरायच्या हायेत. उतर, नाईतर झाड तुह्यासकट पाडतो."

ती उतरली नाही. किसनरावांनी माणसांना मानेनंच खूण केली. एका लाकूडतोड्यानं बुंध्यावर घाव घातला. झाड थरारलं, शकुनचा पाय निसटला आणि ती एका हातावर लोंबकळली. दुसरी कुऱ्हाड उचलली गेली, पण पडली नाही. तिचा दांडा मागून कुणीतरी धरला होता.

तो सहदेव होता. हातापायांना लाकडाचा भुसा, धापा टाकत आलेला.

"मालक," तो म्हणाला, "तुमच्या चार लेकरांचे पाळणे इच्याच हातचे. एक दिवस द्या."

किसनराव वर बघत राहिले. शकुननं कशीबशी फांदीला मिठी मारली होती. कोपर सोलून रक्त ओघळत होतं.

"सांजलोक," ते शेवटी म्हणाले आणि घोडा वळवला.

दिवसभर ती तोडत गेली, तो मोळ्या वाहत गेला. नाल्यापलीकडे गावठाणातल्या बोरींवर दोघांनी त्या फांद्या सुतळीनं बांधल्या, किडे बोरीवर चढावेत म्हणून. बोरीच्या काट्यांनी हात फाटले. दिवस बुडताना पळसाचं शेवटचं झाड पडल्याचा आवाज आला, तेव्हा सहदेवनं फक्त विचारलं, "काहून नाई उतरली तू?"

"उतरली असती तर तू आला असता का?" ती म्हणाली.

बऱ्याचशा बोरींवर काहीच धरलं नाही. थंडीत मुंग्यांनी किडे खाल्ले. ज्येष्ठात मात्र चार बोरींच्या फांद्यांवर लाखेची जाड साल चढलेली दिसली. त्यातल्या दोन बोरींची लाख शकुननं काढलीच नाही, बियासाठी ठेवली. उरलेली आठ खुरांना, म्हणजे दोन पाळण्यांना पुरली.

सहदेव दिवसा चरख्यांचे दांडेच करत राहिला. पाळण्यांसाठी आता तो पहाटे उठू लागला.