मायाप्पाच्या पाच बैठका

दाक्षायणीला एक माणूस हवा होता. दुःखी, बोलका आणि सलग पाच शनिवार येणारा. समुपदेशनाच्या एम.ए.चं प्रात्यक्षिकच तसं होतं: एकच माणूस, पाच बैठका, सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. नाही जमलं तर वर्ष पुन्हा. सोलापुरात दुःखाला तोटा नव्हता, पण सल्ला मिळणार नाही म्हटलं की लोक चपला घालून निघत.

शेवटी कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा मायाप्पा सापडला. पहिल्या शनिवारी तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, चार म्हैनं झालं, बायकू बोलत न्हाय." पन्नास मिनिटांत एवढंच. पण माल अस्सल होता. दाक्षायणी खूश झाली.

दुसऱ्या शनिवारी खुर्चीत भलताच माणूस येऊन बसला.

"मायाप्पा कुठाय?"

"त्येला दुसरी पाळी हाय. मी रावजी. बदली."

गिरणीत एक जण आला नाही की त्याच्या साच्यावर बदली उभा राहतो. साचा काही बंद ठेवत नाहीत.

"अहो, पण दुःख त्यांचं आहे!"

"समदं समजावून दिलंय की त्येनं. लिवा. बायकू बोलत न्हाय."

तिसऱ्या शनिवारी रावजीलाही जमेना, म्हणून बदलीचा बदली कोंडीबा आला. त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. तरी बायकोच्या अबोल्यापायी तो असा हमसून रडला की शिपाई पाणी घेऊन आला.

दाक्षायणी वही घेऊन विभागप्रमुख आबासाहेब सरांकडं गेली. सरांनी जाडजूड अमेरिकन पुस्तक पुढून मागं चाळलं, मग मागून पुढं. बदलीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

"मनाई नाही," सर म्हणाले. "पण पाचव्या बैठकीला खरा माणूस पाहिजे. मी समोर बसणार. आणि त्याला त्रास असला पाहिजे. नाहीतर सही नाही."

चौथ्या शनिवारी एक बाई आली आणि खुर्चीत मांडी घालून बसली.

"मी बदली. गोजाबाई. त्यांची बायकू."

दाक्षायणीनं कपाळाला हात लावला. "मग तुम्हीच सांगा ना, का बोलत नाही त्यांच्याशी?"

"माजं इचारू नगा. आज मी मायाप्पा हाय." गोजाबाईनं घसा खाकरला. "बायकू बोलत न्हाय. म्या तिची शेळी भनीला दिली."

"एका शेळीपायी?"

"शेळीचं काय न्हाय वो. इचारलं न्हाय." तिनं मायाप्पासारखी मान खाली घातली. "चुकलंच माजं." मग तिनंच मान डोलावली, "हां, आता बरं वाटलं," म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

पाचव्या शनिवारी खरा मायाप्पा आला. गुळगुळीत दाढी, कानात अत्तराचा बोळा. सर कोपऱ्यात पेन उघडून बसले होते.

"काय त्रास होतोय?"

"कायबी न्हाय, बाई. बायकू बोलतीया."

दाक्षायणीचं पेन वहीवर अडलं. मेला बरा झाला होता! एक आठवडा कळ काढता येत नव्हती? सरांनी पेनाला टोपण लावलं.

"आठवून बघा," ती कळवळून म्हणाली. "थोडा तरी असेल?"

मायाप्पा आढ्याकडं बघू लागला. सर उठून दारापर्यंत गेले.

"लई बोलतीया, बाई," मायाप्पा हळूच म्हणाला. "चार म्हैन्याचं साठल्यालं. भाकरी थापताना बोलतीया, झोपंत बोलतीया. काल तर माज्या मेलेल्या आजीवर आली."

सर परत येऊन बसले. मायाप्पा पुढं चाळीस मिनिटं थांबला नाही. सरांनी सही केली. दाक्षायणीनं वही छातीशी धरली.

बाहेर पायरीवर गोजाबाई उभी होती.

"माज्याबद्दल काय बोलले?"

"ते सांगता येत नाही. गुप्त असतं."

"कुनापासनं गुप्त? मागल्या शनवारी मायाप्पा मीच व्हते की. निम्मं गुपित माजंच हाय!"

दाक्षायणीनं मागं वळून पाहिलं. आबासाहेब सर पुस्तक काखेत मारून दुसऱ्या दारानं निघाले होते. गोजाबाईनं पायरीवर ऐसपैस बैठक मारली आणि शेजारची जागा पदरानं झटकली.

"बसा. सांगा आता."